कळसच्या विहिरीत उतरताना

बारामती सोडून इंदापूरच्या रस्त्याला लागले, की पहिले काही कोस हिरव्याशिवाय दुसरा रंग दिसत नाही. हा नीरेच्या डाव्या कालव्याचा मुलूख. दोन्ही अंगांना ऊस, मधूनच मका, कुठे गव्हाचे वावर. सणसर गेले, लासुर्णे गेले, जंक्शन आले, की डाव्या हाताला उत्तरेकडे वळायचे. तिथून जमीन चढाला लागते. चढ असा, की मोटारीत बसलेल्याला कळू नये. सायकलवाल्याला मात्र पहिल्या फर्लांगातच कळतो. ऊस विरळ होतो, डाळिंबाच्या बागा सुरू होतात, त्याही तुटक होत जातात आणि कुसळी गवताचे माळ लागतात. मग कळस येते.

वाचक बंधुभगिनींनो, या रस्त्याने मी पंचवीस-तीस वर्षे हिंडलो आहे. विस्तार अधिकारी दिसला, की लोक बियाणे, खत आणि अनुदान या तीन गोष्टी विचारतात. पण गेल्या मे महिन्यात कळसला गेलो तो वेगळ्या निरोपावरून. तिथले एक वयस्क शेतकरी, आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो, चौथी बोअर घ्यायला निघाले होते. आधीच्या तिन्ही कोरड्या. गाडीवाल्याला विसार दिलेला, नारळही आणून ठेवलेला. "साहेबांनी नुसती येऊन जागा बघावी," एवढेच म्हणणे होते.

जागा बघण्याचे माझे ज्ञान किती खोल आहे ते मला ठाऊक आहे. त्याची हकिकत पुढे येईलच. त्या दिवशी ओसरीवर आबांची नात पुस्तक उघडून बसली होती. ती बारामतीला कॉलेजात पहिल्या वर्षाला आहे आणि तिने भूशास्त्र हा विषय घेतला आहे. आबा म्हणाले, "ही दगडं शिकायला जाती बगा साहेब. आमच्या रानात काय दगडं कमी हायती व्हय?" सगळे हसले. पोरगीही हसली, पण कसनुशी.

मी पुस्तक चाळले. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात आम्हाला पहिल्या वर्षी जे शिकवले, बहुतेक तेच धडे. पृथ्वीचे वय ४५४ कोटी वर्षे. खडकांचे तीन प्रकार: अग्निजन्य, गाळाचे आणि रूपांतरित. मग खनिजे, खडकांची झीज, माती, नद्या, जमिनीतले पाणी, भूकंप. आमच्या वेळी नमुन्यांची एक लाकडी पेटी असे. तीत ग्रॅनाइट, वाळूचा दगड, संगमरवर असे तुकडे चिठ्ठ्या लावून ठेवलेले. ते ओळखले की गुण मिळत. मला चांगले गुण मिळाले होते. पण त्या पेटीतला एकही दगड कळसच्या शिवारात सापडत नाही, हे मात्र कोणी बोलले नाही आणि मीही विचारले नाही.

मी म्हणालो, "पोरी, पुस्तक घे आणि चल. विहिरीवर जाऊ."

आबांची विहीर जुनी, पंचेचाळीस फूट खोल. एका अंगाने दगडी पायऱ्या आहेत. मे महिना, त्यामुळे तळाला घोटाभर पाणी. आम्ही निम्म्या पायऱ्या उतरून थांबलो आणि समोरच्या भिंतीकडे पाहत राहिलो. तुम्हीही तुमच्या विहिरीत असे एकदा उतरून पाहा. आपण विहिरीत डोकावतो ते पाणी किती आहे ते पाहायला. भिंतीकडे कोणी पाहत नाही.

सर्वांत वर दीड फूट माती, काळपट-तपकिरी. तिच्याखाली पांढरट खडे मिसळलेला पट्टा, ती चुनखडी. तिच्याखाली पंधरा-सोळा फूट मुरूम. मुरमात मोठमोठे गोल धोंडे अडकलेले, आणि त्या धोंड्यांच्या अंगावर कांद्याच्या पाकळीसारख्या साली सुटलेल्या. पोरीने एक साल नखाने काढली, तर हातातच तिचा चुरा झाला. मी म्हणालो, "खडकाची झीज हा तुझा धडा. हा धोंडा माती होण्याच्या वाटेवर आहे." पाणी फटीतून शिरते, खडकातली खनिजे कुजवते, कोपरे आधी झडतात, म्हणून चौकोनी दगड गोल होतो. त्यातून इंचभर माती व्हायला शेकडो वर्षे जातात. हे आपण पुस्तकात वाचतो आणि बांधावरून माती वाहून जाताना पाहत उभे राहतो.

मुरमाच्या खाली आठ-दहा फुटांचा जांभळट, ठिसूळसा थर. त्यात भोकेच भोके, आणि पुष्कळ भोकांत पांढरी गारगोटी नाहीतर स्फटिक भरलेले. याला आपल्याकडे मांजऱ्या खडक म्हणतात. त्याच्या खाली हातभर जाडीचा तांबडाभडक पट्टा, गेरूसारखा. आणि त्याच्या खाली काळा पाषाण, तळापर्यंत.

पोरगी पुस्तक आणि भिंत आळीपाळीने पाहत होती. एकाएकी म्हणाली, "साहेब, म्हणजे हे दोन लाव्हे आहेत."

बरोबर. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी आपली ही सगळी भूमी लाव्ह्याखाली गेली. त्या वेळी भारताचा तुकडा विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता आणि उत्तरेकडे सरकत होता. अजूनही वर्षाला चार-पाच सेंटीमीटर सरकतोच आहे. ज्वालामुखी म्हटले की शंकूसारखा डोंगर आणि त्याच्या तोंडातून धूर, असे चित्र आपल्या डोळ्यांपुढे येते. इथे तसे नव्हते. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून पातळ लाव्हा उतू गेलेल्या दुधासारखा पसरला. एक थर निवला, मध्ये काळ गेला, दुसरा आला. असे थरावर थर. आज उरलेला पसारा सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर आहे. सह्याद्रीच्या कड्यांवर ज्या आडव्या पायऱ्या दिसतात त्या याच.

थर निवताना त्यातला वायू बुडबुड्यांनी वर येतो. म्हणून थराचा माथा सच्छिद्र, तोच हा मांजऱ्या. आणि पोट घट्ट, तोच काळा पाषाण. दोन थरांच्या मधल्या काळात खालच्या थराचा माथा उन्हापावसात कुजून त्याची माती झाली, राख पडली असेल तर तीही कुजली, आणि वरून दुसरा तप्त थर आला तेव्हा ती भाजून निघाली. हातभर गेरू तो हाच. आपण वीटभट्टी लावतो, तसेच म्हणा. आमच्या पेटीतल्या तीन प्रकारांपैकी कळसला अग्निजन्य खडक तेवढा आहे, पण त्या एकातच एवढे वाचण्यासारखे आहे.

आता आबांचा प्रश्न. पाणी कुठे असते? माझ्या ओळखीतल्या दहांपैकी आठ माणसांच्या मनात जमिनीखाली वाहणारी नदी असते आणि ती आपल्या बोअरला लागावी एवढीच इच्छा असते. काळ्या पाषाणात नदी नसते. पाषाण घट्ट, पाणी राहते ते मुरमाच्या कणांमध्ये, मांजऱ्याच्या भोकांत आणि भेगांत, आणि दोन थर भेटतात त्या सांध्यावर. गेरूचा थर चिकणा, तो पाणी सहसा खाली जाऊ देत नाही, म्हणून त्याच्या वर पाणी साचते. आबांच्या विहिरीत गेरूच्या बरोबर वर ओलीची रेघ होती, तिच्यावर शेवाळ वाळून चिकटलेले, आणि एका जागी मे महिन्यातही थेंब थेंब पाझर चालू होता. पंचेचाळीस फुटांच्या विहिरीचे सगळे पाणी या चार-पाच फुटांतून येत होते.

वर आलो आणि तीन कोरड्या बोअरकडे गेलो. प्रत्येक बोअरच्या कडेला मशीनने बाहेर फेकलेली भुकटी अजून पडून होती. नात वाकून ढीग उकरायला लागली: पिवळट, मग जांभळट, मग तांबडी, मग नुसती करडी. तिन्ही ढिगांत करडी सर्वांत जास्त. म्हणजे पैसे गेले ते पाषाण कुटण्यात. आणि आणखी एक गोष्ट. बोअर ढासळू नये म्हणून वरच्या मऊ भागात लोखंडी नाहीतर प्लॅस्टिकचा पाइप घालतात. ते बरोबरच आहे. पण आबांच्या बोअरला तो पाइप थेट गेरूच्या खालपर्यंत घातला होता. ज्या थरात पाणी होते त्याचेच तोंड पाइपाने बंद झाले, आणि खाली जिथे पाणी नव्हते तिथे भोक उघडे राहिले!

आबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तरी त्यो गाडीवाला म्हनत हुता, पन्नास फुटावर वलं लागलंय म्हनून." पाषाणातही एखादी भेग लागते आणि पाणी येते, हे मी नाकारत नाही. तशी उदाहरणे तुमच्या गावात असतील. पण जसजसे खोल जावे तसतशा भेगा मिटत जातात. शिवाय राज्याच्या २००९ च्या भूजल कायद्याने शेतीसाठी ६० मीटरच्या, म्हणजे सुमारे दोनशे फुटांच्या खाली बोअर घ्यायला मनाई आहे. सहाशे फुटांच्या गप्पा मारणारा गाडीवाला हे सांगत नाही.

इथे माझी हकिकत सांगतो. नोकरीची सुरुवातीची वर्षे. याच भागातल्या एका वाडीवर एका शेतकऱ्याने विचारले, विहीर आटते, काय करू? मी नवा पदवीधर. काठावरूनच डोकावलो आणि म्हणालो, "आणखी दोन परस खोल घ्या." त्यांनी सोसायटीचे कर्ज काढले, एक बैल विकला, सुरुंग लावले. गेरू फोडून खाली गेले तर सगळा काळा पाषाण. पाणी वाढले नाहीच, वर फोडलेला गेरू पावसाळ्यात ढासळून विहिरीत आला आणि तो उपसायचा खर्च वेगळा. मी भिंत वाचली असती तर सांगितले असते, की खाली जाऊ नका, आडवे जा; मांजऱ्याच्या थरात चारी बाजूंना आडवी बोअर मारा. खर्च निम्म्याहून कमी झाला असता. भूशास्त्रात चांगले गुण मिळवून मी तो सल्ला दिला होता. त्या शेतकऱ्याने मला शिवी दिली नाही. पुढच्या वर्षी गेलो तेव्हा चहा दिला. तो चहा मला अजून आठवतो.

आबांच्या ओसरीवर बसून आम्ही पुढे हिशेब मांडला. हिशेब नातीने केला, मी आकडे सांगितले. एक एकर म्हणजे सुमारे चार हजार चौरस मीटर. पाणी धरणारा मुरूम आणि मांजऱ्या मिळून दहा मीटर धरले तर चाळीस हजार घनमीटर. पण कुजलेल्या काळ्या खडकातून उपसून मिळते ते शंभरात दोन-तीन भाग. दोन धरा. झाले आठशे घनमीटर, म्हणजे आठ लाख लिटर. तेही थर काठोकाठ भरलेला असला तर. पाटाने ऊस भिजवायचा तर वर्षाला उभे दोन मीटर पाणी, म्हणजे एकरी ऐंशी लाख लिटर लागते. दहा एकरांखालचा भरलेला मुरूम एक एकर ऊस एका वर्षात पिऊन टाकतो.

आणि मुरूम भरतो किती? इंदापूरकडे पाऊस वर्षाला सुमारे साडेपाचशे मिलिमीटर. सह्याद्री पश्चिमेचे ढग अडवतो आणि आपण त्याच्या आडोशाला बसलो आहोत. या पावसातला शंभरातला सात-आठ भाग जमिनीत मुरतो असे धरतात. म्हणजे एकरी पावणेदोन लाख लिटर. पोरीने भागाकार केला आणि वहीतून मान वर केली. "आबा, एक एकर उसाला पंचेचाळीस एकरांत मुरलेला पाऊस लागतो." आबांच्या शेजारी बसलेले गृहस्थ, ज्यांचा दोन एकर ऊस बोअरवर आहे, ते पान जुळवण्यात एकदम गर्क झाले.

पंजाबात शेकडो फूट खोल नदीचा गाळ आहे. तिथली वाळू आपल्या खडकाच्या कित्येक पट पाणी देते. तिथल्या बोअरची गोष्ट ऐकून इथे गाडी बोलावणे म्हणजे शेजारणीचा मुलगा अंगाने भरला म्हणून आपल्या मुलाला तिच्याच मापाचा सदरा शिवण्यासारखे आहे.

चहा घेऊन सूनबाई बाहेर आल्या. त्यांचा प्रश्न पुस्तकात नव्हता, पण होता त्यातलाच. "साहेब, उन्हाळ्यात या पाण्यात तुरीची डाळच शिजत नाही. अन् पातेल्याला पांढरं बसतं, ते काय?" तो चुनाच. काळ्या खडकातल्या खनिजांत कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर. खडक कुजतो तसे ते पाण्यात उतरतात. पावसाळ्यात विहिरीचे पाणी ताजे असते. उन्हाळ्यात जे खडकात फार दिवस मुरून राहिले तेच हाती लागते, म्हणून ते जास्त जड. उकळून निवळून घेतले तर चुन्याचा बराच भाग तळाशी बसतो. डाळ त्या वरच्या पाण्यात शिजवावी. हाच चुना मातीखाली चुनखडी होऊन बसतो, आणि द्राक्षाच्या वेलाला लोह मिळू देत नाही, मग पानांवर केवडा पडतो. डाळिंब मात्र असल्या मुरमाड, चुनखडीच्या जमिनीला सोसते. इंदापुरात डाळिंब माजले ते उगाच नव्हे.

तिसऱ्या प्रहरी नात आणि मी माळावर फिरून आलो. वीतभर माती, खाली मुरूम. इथे झाड धरत नाही, गवत धरते. या तालुक्यातल्या कडबनवाडीच्या माळावर चिंकारा, लांडगे, खोकड आहेत, आणि आता वनखात्याने पाहुण्यांसाठी तिथे सफारीही काढली आहे. पूर्वी अशा माळांना आम्ही कागदावर पडीक म्हणत असू आणि खड्डे खणून रोपे लावीत असू. रोपे मरत, पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यांत दुसरी रोपे. हसू नका, मीही त्या कामावर होतो.

माळावरून दक्षिणेला पाहिले की खाली नीरेकाठचा हिरवा पट्टा दिसतो. दोन्हीकडे मूळ खडक एकच, मग इथे हात-दीड हात माती आणि तिथे पुरुषभर काळी कशी? वरची माती पाण्याने नेऊन खाली घातली म्हणून. बारीक कण सर्वांत लांब जातात. ती चिकणमाती ओली झाली की फुगते, वाळली की हात जाईल एवढी भेगाळते. तिच्यात पाणी जाते, पण निघत नाही. १८७६-७८ च्या मोठ्या दुष्काळानंतर नीरेचा कालवा आला, आणि थोड्याच वर्षांत भारी जमिनींत पाणी वर चढून मीठ फुटू लागले. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरॉल्ड मान आणि त्यांचे सहकारी तम्हाणे यांनी १९१० साली नीरेच्या खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर पुस्तिका लिहिली. शंभरावर वर्षे झाली. त्या रस्त्याने जाताना उसातले पांढरे टापू आजही मोजता येतात. चढावरचा माणूस पाण्याला रडतो आणि उतारावरचा निचऱ्याला, आणि दोघांची कुंडली त्या एकाच उतारात लिहिलेली आहे.

नातीला मी आणखी एक गोष्ट सांगितली, ती तुम्हालाही सांगतो, कारण मोरगावला तुमच्यातले पुष्कळजण जात असतील. मोरगावजवळ कऱ्हेच्या काठच्या गाळात पांढुरक्या राखेचा एक थर आहे. ती राख इथली नव्हे. इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावर टोबा नावाचा ज्वालामुखी आहे, तिथून ती वाऱ्याने आली. ती पाऊण लाख वर्षांपूर्वीच्या स्फोटाची, की त्याहून कितीतरी जुन्या, यावर अभ्यासकांत वाद आहे. तिथेच आदिमानवाची दगडी हत्यारेही मिळाली आहेत. हजारो मैलांवरची राख मयूरेश्वराच्या गावाला! पोरगी म्हणाली, "आमच्या पुस्तकात टोबा आहे, पण मोरगाव नाही."

भूकंपाचा धडा आम्ही चालता चालताच उरकला. कोयना १९६७, किल्लारी १९९३. किल्लारीत माणसे मेली ती मुख्यतः मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींखाली. आबांच्या मागच्या खोलीची भिंत तशीच आहे, तेवढे मी बोलून ठेवले.

परत आलो तर आबांनी गाडीवाल्याला फोन केलेला होता. विसार परत द्यायला तो तयार नव्हता, म्हणून सौदा असा ठरला की तेवढ्या पैशांत पावसाळ्यानंतर त्याने आडव्या बोअरचे मशीन आणून द्यायचे. मांजऱ्यात, गेरूच्या हातभर वर, चार दिशांना. पाणी वाढेलच असे मी लिहून दिलेले नाही. वढ्याच्या कडेला मुरूम उघडा आहे तिथे नाला अडवायचेही बोलणे झाले. पाऊण एकर ऊस मोडून तिथे डाळिंब करायचे की नाही, यावर बापलेकांत जुंपली आणि ती मी निघेपर्यंत चालू होती.

नारळ विहिरीच्या काठावर फोडला. खोबरे सगळ्यांनी खाल्ले. नातीने दोरीला दगड बांधून तळापर्यंत सोडला, ओली झालेली दोरी टेपने मोजली, आणि मोटारीच्या खोलीच्या भिंतीवर तेलरंगाने लिहिले: मे, पाणी दीड फूट. त्याच्या खाली तिने बारा महिन्यांसाठी बारा ओळी आखून ठेवल्या आहेत.